आधार नसलेली ओळ

“या ओळीला आधार काय?” तिने पेन्सिल त्या वाक्यावर टेकवली.

समोर शीतगृहाचे निवृत्त व्यवस्थापक बसले होते. चाळीस वर्षं तिथे काढून त्यांनी आता त्याच शीतगृहाचा इतिहास लिहिला होता. ती प्रकाशनसंस्थेत मजकूर तपासायची. पुस्तकातलं प्रत्येक विधान कुठून आलं ते लेखकाला विचारायचं, आधार समासात लिहायचा आणि शेजारी त्याची सही घ्यायची. आधार नसेल तर वाक्य उडवायचं. ऑफिसात तिला शंकासुर म्हणत, तेही तोंडावर.

सकाळपासून दोघांचं छान जमलं होतं. यंत्राचं वजन? कारखान्याचं पत्रक. सही. पहिल्या दिवशी किती मासळी आली? आवकीची वही. सही. गृहस्थ नेटके होते, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन आले होते. एकच गोष्ट चमत्कारिक होती. केबिनचं दार आपोआप मिटायला लागलं, की ते वाक्य अर्धवट सोडून उठत आणि पायाने खुर्ची सरकवून ते अडवत.

आता अपघाताचं पान समोर होतं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एक हमाल कोणालाही न सांगता मासळी गोठवायच्या खोलीत शिरला. मागून दार लागलं. इमारतीत दुसरं कोणीही नव्हतं. सुट्टी संपल्यावर तो सापडला. आणि मग ती ओळ: ‘तो घाबरला नाही, शेवटपर्यंत त्याचा आवाज शांत होता.’

एखादा वाचक सहज पुढे गेला असता. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द, त्यात काय विचारायचं? ती मात्र चार दिवस त्याच ओळीपाशी अडकून पडली होती. तो हमाल तिचा बाप होता. हे तिने संस्थेत कोणाला सांगितलं नव्हतं, नाहीतर पुस्तक तिच्याकडून काढून घेतलं असतं. चौकशी समितीने ‘स्वतःचा हलगर्जीपणा’ असा शेरा मारला होता आणि आईने तो सव्वीस वर्षं घरात घोकला होता. असा कसा गेला आत? जरा डोकं नको माणसाला? ऐकून ऐकून तिलाही बापाचा राग यायला लागला होता. तो राग खरा की खोटा, एवढंच तिला आज हवं होतं.

“असंच लिहिलंय हो, आदरापोटी,” व्यवस्थापक म्हणाले.

“मग काढून टाकू.” तिने ओळीवर काट मारायला सुरुवात केली.

त्यांनी तिचा हात धरला. “नको. ते खरं आहे.”

“इमारतीत कोणी नव्हतं, असं तुम्हीच वर लिहिलंय.”

“ते समितीचं वाक्य आहे. मी जसंच्या तसं उतरवलं.”

“आणि हे?”

त्यांचा हात आपसूक डाव्या कानाकडे गेला. पंखा गरगरत होता. आत्ता ‘राहू द्या’ म्हटलं असतं तर ते सुटले असते. तिने पेन्सिल त्या ओळीवरून उचलली नाही.

“कडी मी लावली होती,” ते म्हणाले. “सकाळी चारचौघांत मला उलट बोलला होता. म्हटलं, दहा मिनिटं थंडी खाऊ दे. माफी मागेल, मग उघडू. दाराला कान लावून उभा राहिलो. माफी मागेचना. मीही हट्टाला पेटलो. मग आवाज थांबला आणि मी घाबरून घरी पळालो. सुट्टी संपल्यावर सगळ्यांच्या आधी येऊन कडी काढून ठेवली.”

“काय म्हणत होता तो?” तिने विचारलं. सकाळपासून यंत्राचं वजन आणि मासळी ज्या आवाजात विचारली, त्याच आवाजात.

व्यवस्थापकांनी पान स्वतःकडे ओढलं, तिच्या हातातली पेन्सिल घेऊन ओळीशेजारी सही केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

“त्याला वाटत होतं, दार अडकलंय आणि मी ते उघडायला झटतोय. म्हणत होता, ‘सावकाश, साहेब, हाताला लागेल. मला काही घाई नाही.’”