आखडते घर

“घर हलत नाही, माणूसच घराला सरावतो,” असा निर्वाळा नगररचना खात्याने मोजणी न करताच दिला. खात्याचे पांडित्य अगाध. परंतु घर आखडत असल्याची तक्रार करणाऱ्या निवृत्त शिक्षिकेच्या हाती फूटपट्टी होती. मुलगी सासरी गेली, तेव्हा बैठकीची खोली चार फुटांनी आखडली. नवरा वारला, तेव्हा शेजघर एका खाटेपुरतेच उरले.

आज दुकानातून परतताच तिला गवंडी तिच्याच दारात विटा रचताना सापडला.

“मेल्या, माझं घर गिळतोयस होय? कुणाच्या सांगण्यावरून?”

त्याची थापी थांबली.

“भिंती मीच सरकवल्या, बाई. पण दर वेळी तुम्हीच आतून हाक मारून सांगितलंत. आत्तासुद्धा तुम्ही आतूनच म्हणालात, ‘दार बुजव, आता कुणी यायचं राहिलं नाही.’”