वाढत्या अंगाचं

"भाऊ, ती ट्यूब नंतर बसवा. आधी खाली उतरा आणि हे अंगात घालून बघा."

शिडीवरच्या इलेक्ट्रिशियनने खाली पाहिलं. भूगोलाच्या बाई एक शेवाळी रंगाचा स्वेटर पुढे धरून उभ्या होत्या. त्यांच्या मागे, वाचनालयाच्या त्या मागच्या खोलीत, अख्खं विणकाम मंडळ हातातल्या सुया थांबवून त्याच्याकडे बघत होतं. एवढ्या बायकांपुढे नाही म्हणायची कुणाची बिशाद! तो पक्कड खिशात घालून मुकाट्याने उतरला.

एरवी शनिवारी मंडळात टोप्या विणल्या जातात, इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी. नाहीतर वृद्धाश्रमाच्या पांघरुणांचे चौकोन. त्यात मापाची भानगड नसते. पण हा स्वेटर बाईंच्या मुलाचा होता आणि त्याचं माप बाईंना ठाऊक नव्हतं. वडिलांशी भांडून तो घराबाहेर पडला तेव्हा कॉलेजात होता. पुढे वडील गेले, तरी याचं बोलणं बंद ते बंदच. आता मंडळातल्या कॅशियरची मुलगी लग्न होऊन त्याच्याच गावात, त्याच्याच इमारतीत राहायला गेली होती. कॅशियर उद्या सकाळी तिच्याकडे निघणार होती. स्वेटर तिच्याबरोबर जायचा होता.

"फोन करून विचारून टाका ना माप," नर्सताई म्हणाल्या. हे त्या महिनाभर म्हणत होत्या.

"आणि इतक्या वर्षांनी त्यानं फोन उचललाच, तर पहिलं काय विचारू? छाती किती?"

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या, मग गळ्यातल्या टेपशी उगाच चाळा करत राहिल्या.

"माझ्या लेकीला जिन्यात दिसला होता तो," कॅशियर म्हणाली. "दाढी ठेवलीय म्हणे."

"ते तू मागेच सांगितलंस. जाड झालाय की बारीक?"

"ते काही बोलली नाही ती."

"दाढी दिसते आणि माणूस दिसत नाही! कशी गं तुझी मुलगी?" बाई खरंच चिडल्या होत्या.

एवढ्यात इलेक्ट्रिशियनचं डोकं स्वेटरच्या गळ्यातून बाहेर आलं. बाईंनी त्याला पाठमोरा केला, पुन्हा वळवला, खांद्यावरची शिवण चाचपली, खालची पट्टी ओढून बघितली. "सरळ उभा राहा. पोक काढू नकोस." अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो बिचारा शाळेच्या रांगेत उभा राहावा तसा ताठ झाला.

"खांद्यात बसतोय, मावशी. बाह्या मात्र लांब झाल्यात."

लांब म्हणजे किती, तर त्याची नुसती नखं बाहेर दिसत होती. नर्सताई उठून आल्या. त्यांनी बाही हातात धरून बघितली आणि कपाळावर हात मारला.

"बाई, वाढत्या अंगाचं विणलंत की हो! अहो, चाळिशीला आला असेल तो आता. अजून किती वाढायचा?"

खोलीत हशा पिकला. बाईंच्या मात्र आत्ता लक्षात आलं. मुलाच्या शाळेच्या प्रत्येक स्वेटरला त्या बाहीत चार बोटं जास्त ठेवायच्या, पुढच्या वर्षीही बसायला हवा म्हणून. या वेळी ठरवून काहीच ठेवलं नव्हतं. हात आपला आपणच पुढे चालला होता. त्या क्षणी बाईंना तो मुलगा समोर हवा होता, इथे, या खोलीत. दाढीसकट हवा होता, रागासकट हवा होता.

"द्या इकडे, उसवून देते," नर्सताई म्हणाल्या. "मनगटाची पट्टी तेवढी नव्याने विणायची. चहा होईपर्यंत होईल."

"नको. दुमडून घालेल. लहानपणीही दुमडूनच घालायचा."

"काढू का आता?" इलेक्ट्रिशियनने विचारलं. बाईंचा तळहात त्याच्या पाठीवर होता.

"थांब जरा."

तो थांबला. काय चाललंय ते त्याला थोडंफार उमगलं असावं, कारण घड्याळाकडे बघणं त्याने सोडून दिलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, "मुलगा माझ्याच अंगाचा आहे वाटतं?"

"हो, अगदी तुझ्याच," बाई म्हणाल्या. त्या जणू कालच त्याला भेटून आल्या होत्या.

स्वेटर उतरला. बाईंनी त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली आणि पिशवीत ठेवली. इलेक्ट्रिशियन शिडीवर चढला. कॅशियरने पिशवी मांडीवर घेतली आणि आत हात घालून बघितलं.

"आणि गुंडा कुठाय?"

उरलेल्या लोकरीचा गुंडा विणलेल्या वस्तूबरोबर द्यायचा, ही मंडळाची रीत. कुठे धागा निघाला तर त्याच लोकरीने सांधता येतं. नंतर दुकानातून आणलेली लोकर कितीही जुळवली तरी रंगात फरक पडतो. बाईंनी गुंडा करून ठेवला होता, लिंबाएवढा. तो त्यांच्या मुठीतच होता. त्यांनी मूठ उघडून क्षणभर बघितलं, मग आपली पर्स उघडली, गुंडा आत टाकला आणि चेन ओढली.

"अहो बाई, तो द्यायचा असतो! उद्या कुठे उसवलं तर त्यानं काय करायचं?"

"त्याला सांग," बाई म्हणाल्या, "लोकर आईकडे आहे."