कोरडी जमीन

सलग तिसऱ्या सकाळी पिकअपचं कूलंट खुणेच्या खाली गेलेलं. आमच्या मेंढ्यांच्या कुरणापासून गाव दोनशे किलोमीटर. वाटेत इंजिन तापून बंद पडलं तर उन्हात माणूस करपून मरेल. मी पुन्हा गाडीखाली शिरलो. तिथेच रोज झोपणारा आमचा कुत्रा स्क्रफ शेपूट हलवत बाजूला सरकला. जमीन कोरडी ठणठणीत.

"गळत असतं तर डाग नसता पडला?" मी वैतागून म्हणालो.

"मग जातं कुठे, मर्व? रात्री भूत येऊन पितं का?" माझी बायको नोरीन म्हणाली.

मी परत खुणेपर्यंत भरलं. हातावर ते हिरवं कूलंट थोडं सांडलं, तसा स्क्रफ चाटायला धावला.

"हाड! गोड लागलं तरी विष आहे ते!"

संध्याकाळी तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला.

"ऊन लागलंय त्याला," नोरीन म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

दोन दिवसांनी त्याला कुंपणापाशी पुरून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने गाडीखाली वाकलो. त्याच्या झोपायच्या जागेवर हिरवं थारोळं साचलं होतं.