चार नंबरची मशीन

मधल्याच्या मुठीतून सुरा काढून घेताना थोरल्याची दोन बोटं कापली. मधला पालथा पडला होता आणि थोरल्याचा गुडघा त्याच्या पाठीत रुतला होता. सुरा मोरीत भिरकावून थोरल्यानं त्याच्या कानाखाली वाजवली.

"दोन मुली आहेत तुला."

"आणि धाकट्याचा जीव गेला त्याचं काय? आठ वर्षांत सुटला त्याला मारणारा तो खिळा. लाँड्रीत कामाला लागलाय. प्रार्थनेला जातो म्हणे. तू बस क्षमा करत."

"क्षमा करणार, असं मी कधी म्हणालो?"



थोरला एकटा होता. स्वतःआधी दुसऱ्याचा विचार करा, हे चर्चमधल्या पाळकांचं सांगणं त्यानं अंगी बाणवलं होतं. नाताळची ड्यूटी तो मुलंबाळं असलेल्यांच्या बदली करायचा. वरच्या मजल्यावरच्या आजारी म्हातारीचं पाणी रोज चढवायचा. आजही त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. मधला तुरुंगात गेला तर तीन जीव उघड्यावर पडतील. आपण गेलो तर एक खोली रिकामी होईल, इतकंच.

त्यानं हत्यारांच्या पेटीतून मोठा पाना काढला.

"दादा, नका जाऊ," भावजय दारात आडवी आली. "निदान जेवून तरी जा."

"नको. आता बरीच वर्षं सरकारी जेवणच आहे."

खटला चालला तेव्हा थोरला दूरच्या बंदरावर कामाला होता. खिळ्याला त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीच्या दारात एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या होत्या.

"खिळ्याची मशीन कुठली?"

त्यानं थोरल्याकडे जरा वेळ पाहिलं. "काय काम होतं?"

"जुनी ओळख."

"चार नंबर. अगदी शेवटची. बाकीचे जेवायला गेलेत आता."

"तो ख्रिस्ती झाला म्हणे?"

"इथं सगळेच आहेत. रोज एकानं दुसऱ्याचं एक जड काम उचलायचं, असा नेम आहे आमचा."

"खिळाही पाळतो?"

"शिकतोय अजून."

आत वाफ कोंडली होती. शेवटच्या मशीनवर एक रुंद खांद्यांचा माणूस गरम रुळांमध्ये चादर सरकवत होता.

"खिळा तूच?"

माणसानं आधी पाना पाहिला, मग थोरल्याचा चेहरा. एकदा दाराकडे नजर टाकली.

"हो," तो म्हणाला. "थांबा, चादर जळेल." त्यानं मशीनचं बटण दाबलं.

पहिला घाव गळ्याजवळच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज थोरल्याला नीट ऐकू आला. दुसऱ्या घावानं गुडघा फुटला आणि माणूस ओल्या फरशीवर कोसळला. त्यानं हात वर केले नाहीत.

"हात उचल ना. धाकट्यावर उचलला होतास तसा."

माणूस नुसता श्वास घेत राहिला. थोरल्यानं त्याची कॉलर धरली, ओढत नेऊन त्याचा पंजा तापलेल्या रुळावर दाबला. कातडी चरचरली. माणूस ओरडला, पण हिसका देऊन सुटायला पाहिलं नाही.

"माझा भाऊ मरताना काय म्हणाला?"

"मला माहीत नाही."

"विसरलास?"

"माहीत नाही मला," माणूस रडत म्हणाला. "खरंच."

याच उत्तरानं थोरल्याचा तोल गेला. तिसरा घाव कानावर बसला, चौथा कपाळावर. त्यानंतरचे त्यानं मोजले नाहीत. पाना निसटू लागला तेव्हा तो थांबला. समोर चेहरा म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं.

तो चादरींच्या टोपलीवर बसला. मन शांत होतं. मधला संध्याकाळी मुलींबरोबर जेवेल.

दारातला माणूस आत आला. मेलेल्याजवळ उकिडवा बसला. पट्ट्यांच्या हातांनी त्यानं त्याच्यावर एक कोरी चादर पसरली. ती लगेच लाल झाली.

"पोलिसांना बोलवा," थोरला म्हणाला. "मी पळणारा नाही."

"बोलावलंय."

"माझं ह्याच्याशी वैयक्तिक काही नव्हतं. भावाच्या जागी आलो मी."

"हाही," माणूस म्हणाला. "माझे हात भाजलेत म्हणून सकाळी यानं माझी मशीन घेतली."

थोरल्यानं मान वर केली.

"चेहरा अगदी भावासारखा आहे तुमचा," खिळा म्हणाला. "दारातच ओळखलं मी."