डाव्या हाताची गाठ

"डाव्या हाताची गाठ मी धरत नाही. सोड ती!" स्काउटचे सर अख्ख्या पथकासमोर दहा वर्षांच्या मुलीवर ओरडले होते. तिचा बिल्ला त्यांनी पेटीत परत टाकला आणि निघताना, स्काउटांच्या रिवाजाप्रमाणे, सगळ्यांशी डावाच हात मिळवला. फक्त तिचा टाळला. दोर तिच्या हातून सुटला. तो आवाज मात्र काळजाला बांधलेलाच राहिला.

आज मोठ्यांच्या प्रशिक्षण शिबिरात ती परीक्षक होती. पथक चालवायची परवानगी टिकवायची, तर स्काउटच्या शिक्षकांना दर तीन वर्षांनी गाठींची ही परीक्षा द्यावीच लागे. रांगेत शेवटी तेच सर उभे होते, केस पांढरे झालेले, उजवा हात गळ्यात अडकवलेला. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"हा झोपलाय वर्षभर, उठायचं नावच घेत नाही," ते गळ्यातल्या हाताकडे बघत हसत म्हणाले. "डाव्याने बांधू का, बाई?"

"बांधा ना."

त्यांनी दोराचं टोक दातांत धरलं, डाव्या हाताने खांबाभोवती फास वळवला आणि ओढला. तिने दोर धरून सगळा भार मागे टाकला. गाठ तसूभरही सरकली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिने ती गाठ सावकाश सोडवली आणि कागदावर 'नापास' लिहिलं.

"अहो, पण माझं चुकलं काय?"

तिने आपला डावा हात त्यांच्यापुढे केला.

"काही नाही, सर. तुमची गाठ पक्की होती. दहा वर्षांची असताना माझीही होती."