गार न होणारा चहा

चहावर पुन्हा साय धरली, तशी आईने कप उचलून बेसिनमध्ये ओतला आणि ती रडायला लागली. ‘‘पोरगी दिवसभर राबून येणार आणि मी तिच्यापुढे गार चहा ठेवणार,’’ ती म्हणाली. पोरगी तिच्या शेजारीच उभी होती, हातात फडकं घेऊन.

हे रोजचंच झालं होतं. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं ओळखायला लावायची, आणि संध्याकाळी घरी आली की तिला ओळखणारं कोणी नसायचं. विसरण्याच्या आजारात आईच्या लेखी ती कामाला येणारी बाई झाली होती. आई तिला अहो-जाहो करायची, चपला नीट काढायला सांगायची आणि दोन कप चहा टाकायची. एक स्वतःला, एक चिंगीला. चिंगी म्हणजे हीच. मग आई दाराकडे डोळे लावून बसायची, आणि चहा काही कोणासाठी थांबत नाही. एकदा न राहवून मुलीने तो कप उचलला, मीच चिंगी म्हणाली. आईने तिला फैलावर घेतलं, दुसऱ्याच्या कपाला तोंड लावताना लाज कशी वाटली नाही म्हणून. त्यानंतर मुलगी त्या कपाच्या वाटेला गेली नाही.

दुकानातल्या एका गिऱ्हाइकाच्या हातात तिने पीचच्या आईस टीची बाटली पाहिली आणि तिच्या डोक्यात आलं, मुळात गारच असलेला चहा गार कसा होईल? सुट्टीच्या दिवशी तिने घाट घातला. पिकलेले पीच चिरून साखरेबरोबर पार लगदा होईपर्यंत शिजवले, गाळून घेतले. चहा नेहमीपेक्षा कडक केला, कारण बर्फ त्याला पाणचट करणार. गरम गरमच फ्रिजमध्ये टाकला तर तो गढूळ झाला. तो ओतून दिला, नवा केला, ओट्यावरच निवू दिला आणि त्यात पीचचा रस मिसळला. इतकं सगळं झाल्यावर आईने सवयीने त्यात दूध ओतलं आणि चहा फाटला. मग आईने दूधवाल्याचा जो उद्धार केला, तो ऐकून मुलगी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

दुसरा ग्लास भरून तिने समजावलं, ‘‘आई, हा गारच प्यायचा असतो. चिंगीला कितीही उशीर झाला तरी बिघडत नाही.’’ बाईने आई म्हटलेलं आईला चालत असे.

‘‘म्हणजे ती येईल तेव्हा येईल,’’ आई म्हणाली. तिचे खांदे सैल पडले.

त्या दिवसापासून रडणं थांबलं. आई आपला ग्लास चवीचवीने संपवायची, चिंगीच्या ग्लासावर झाकणी ठेवायची आणि खिडकीशी बसायची. मुलीचाही जीव भांड्यात पडला. घरी यायची धास्ती गेली. पीचचा मोसम होता, ती पिशवी भरभरून आणायची. आई दाराकडे कमी बघायला लागली होती. आता घाई कसली? पुढे झाकणी ठेवायचंही राहून जाऊ लागलं. मुलीच्या ते लक्षातच आलं नाही, इतकं तिला बरं वाटत होतं.

मोसम संपता संपता एका संध्याकाळी तिने नेहमीसारखे दोन ग्लास भरले. आईने त्यातला एक तिच्याकडे सरकवला.

‘‘घ्या बाई, तुम्ही पण. दमला असाल.’’

मुलीने ग्लास हातात घेतला. आईने आपल्याला चहा द्यावा, एवढंच तर तिला हवं होतं. तरी तिने विचारलं, ‘‘मग चिंगीला?’’

आईने जरा आठवून पाहिलं. ‘‘कोण हो चिंगी?’’

मुलीने ग्लास न पिताच खाली ठेवला. ती उठली, पातेल्यात दूध-पाणी चढवलं, साखर-पत्ती घातली. वाफाळता कप तिने चिंगीचा म्हणून आईसमोर ठेवला, आणि तो गार व्हायची वाट बघत बसली.