परकी कातडी

प्रयोगशाळेत नवी त्वचा वाढवायची म्हणून दादाने माझ्या कानामागची नखाएवढी कातडी काढून नेली होती. महिन्याभराने तोंड पाडून आला. "तुझ्या पेशी मेल्या गं, एकही जगली नाही." रडवेलाच झाला होता. मीच त्याची समजूत घातली.

पुढे कुणा अनोळखी दात्याच्या पेशींवर त्याची कंपनी उभी राहिली. तयार त्वचेची पाकिटं हातोहात खपू लागली.

यंदा लाँड्रीत वाफेने माझा हात चांगलाच भाजला, तेव्हा दादाच पाकीट घेऊन धावत आला. "तुला नाही तर कुणाला देणार?" मला भरून आलं.

आज तपासताना डॉक्टर चक्रावले. "ही त्वचा परक्याची असते. जखम भरेपर्यंत झाकून ठेवते, मग शरीर तिला झिडकारतं. तुमच्या हातावर मात्र ती कायमची रुजलीय. अशी फक्त स्वतःचीच रुजते हो."

माझं बोट कानामागच्या व्रणावर गेलं. मी शेजारी उभ्या असलेल्या दादाकडे बघितलं.



"तू ये सावकाश," तो दाराकडे वळत म्हणाला, "मी गाडी काढतो."